'डू द नीडफुल' लिहिलं आणि लंडनहून उलटा प्रश्न आला

पत्र लिहिणारी मुलगी रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकहाऊसच्या ऑफिसात कामाला आहे, नाव छापू नका म्हणालीये. तिचं पत्र थोडं कापून देतोय:

"काका, शाळा मराठीतून झाली, बीकॉम पण गावाकडच्याच कॉलेजात. इंग्लिश वाचलेलं कळतं पण मेल लिहायला बसलं की हात थांबतात. लंडनच्या पार्टीचा मेल आला, 'कॅन यू गेट द पेपरवर्क सॉर्टेड अँड गेट बॅक टू मी बाय थर्सडे?' मी लिहिलं, 'यस सर, आय विल डू द नीडफुल.' तर त्यांचा उलट मेल, 'सॉरी, व्हॉट एक्झॅक्टली विल यू बी डुइंग?' शेठ हसले, मला मात्र रडू आलं. मग फ्रेजल व्हर्बचं जाड पुस्तक आणलं, सी पर्यंत पाठ केलं आणि आता कॅरी ऑन, कॅरी आउट, कॅरी ओव्हर सगळ्याचा काला झालाय. गेट तर विचारूच नका. कामं मी सगळी वेळेवर करते हो, फक्त ती केली हे सांगता येत नाही. मोबाईलवरच्या एआयकडून मेल लिहून घेतले तर चालतील का?"

अगं, रडायचं काय त्यात! तो माणूस तुझं इंग्लिश काढत नव्हता, त्याला खरंच कळलं नाही तू काय करणार ते. 'डू द नीडफुल' आपल्याकडे सरकारी ऑफिसपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे लिहितात आणि सगळ्यांना कळतं. एकेकाळी खुद्द इंग्रज पण लिहायचे, तिकडे ते मागे पडलं आणि आपल्याकडे मात्र छान नांदतंय. आता जुनं आहे म्हणून टाकून दे असं मी म्हणणार नाही, पण वाक्य म्हणून बघ ना, ते आपल्या 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' चं सख्खं भावंड आहे, कोण करणार, काय करणार, कधी करणार यातलं काहीच हाती लागत नाही, आणि ज्याचे पैसे आंब्यात अडकलेत त्याला नेमकं तेच हवं असतं.

तू लिहायचं होतंस ते एवढंच: 'आय विल गेट द फायटो बाय वेन्सडे अँड सेंड यू द स्कॅन ऑन थर्सडे मॉर्निंग.' बुधवारपर्यंत फायटो, म्हणजे माल कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला, घेते, गुरुवारी सकाळी त्याचा स्कॅन पाठवते. शेठना फोनवर सांगशील तसंच. यात एक तरी शब्द असा आहे का जो तुला सातवीत येत नव्हता?

ते पुस्तक आता माळ्यावर टाक. ए टू झेड पाठ करणं म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी घोकून गावात ओळखी करायला निघण्यासारखं आहे. तुला ही क्रियापदं अक्षरावारी नकोत, कामावारी हवीत. आणि त्यातले बरेचसे फरक तुला आधीच येतात, कारण दिवसभर तू केलं, करून घेतलं, करून टाकलं, करायला लावलं, करायचं राहिलं असं बोलतच असतेस आणि यातलं एकाच्या जागी दुसरं तुझ्या तोंडून चुकून पण येत नाही. इंग्लिशमध्ये मात्र आपण या सगळ्यांना एकच 'डू' चिकटवतो, मग समोरचा गोंधळतो.

सगळ्यात आधी करणं आणि करून घेणं वेगळं काढ. कोल्ड रूमचा कम्प्रेसर बंद पडला, तू मेकॅनिकला फोन केलास, तो चिपळूणहून आला, चालू करून गेला. तू मेलमध्ये लिहिलंस, 'आय रिपेअर्ड द कम्प्रेसर.' म्हणजे तू स्वतः पाना घेऊन बसलीस! लिहायचं काय, 'आय गॉट द कम्प्रेसर रिपेअर्ड.' आधी गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप, हा क्रम मोडायचा नाही. गॉट द बॉक्सेस प्रिंटेड, गॉट द व्हॅन क्लीन्ड, गॉट द लेबल्स चेक्ड. आपल्याकडे पुष्कळ जण 'आय गॉट रिपेअर्ड द कम्प्रेसर' लिहितात, कारण मराठीत 'दुरुस्त करून घेतला' हे सगळं एकाला एक चिकटून येतं, पण इंग्लिशमध्ये वस्तू मध्ये घुसलीच पाहिजे. गेटच्या जागी हॅव पण चालतं, जरा सभ्य वाटतं, पण तिथे क्रमाला फारच जपायचं, 'आय हॅव रिपेअर्ड द कम्प्रेसर' म्हणजे मी दुरुस्त केलाय आणि 'आय हॅड द कम्प्रेसर रिपेअर्ड' म्हणजे मी करून घेतला. शब्द जवळपास तेच, पण पाना कोणाच्या हातात होता ते बदललं.

तुझ्या लंडनवाल्याचं 'गेट द पेपरवर्क सॉर्टेड' हे पण याच साच्यातलं. त्याचा सॉर्टेड म्हणजे तुमच्या ग्रेडिंग टेबलावरचं सॉर्टिंग नव्हे हां, ब्रिटिश माणूस सॉर्ट म्हणतो तेव्हा त्याला मार्गी लावणं म्हणायचं असतं. 'इट्स सॉर्टेड' म्हणजे झालं, मिटलं, विसरा आता. पण तुमच्या धंद्यात दोन्ही सॉर्टिंग असल्यामुळे तू आपली 'द फ्रूट इज ग्रेडेड' आणि 'द पेपर्स आर सॉर्टेड' अशी वाटणी करून टाक.

आता माणसांकडून काम करून घेणं, इथे खरा घोळ होतो, म्हणून जरा थांबतो. समज अधिकाऱ्याची सही हवी होती आणि मिळाली. 'आय गॉट हिम टू साइन' म्हणजे सांगून, समजावून, चार खेपा घालून सही घेतली. 'आय हॅड हिम साइन' म्हणजे सही करणं त्याचं कामच, मी कागद पुढे ठेवला, त्याने केली. 'आय मेड हिम साइन' म्हणजे त्याच्या मनात नव्हतं, मी करायला लावलं! आणि 'आय लेट हिम साइन' म्हणजे चक्क मी त्याला सही करू दिली, जणू तूच वरची साहेब. चारही वाक्यं व्याकरणात बरोबर, पण तिसरं वाक्य एक्स्पोर्टच्या मेलमध्ये जाऊन बसलं तर वाचणाऱ्याला वाटायचं की या लोकांनी अधिकाऱ्यावर दबाव आणला की काय, आणि असा मेल पुढे दहा जणांना फॉरवर्ड होतो. मराठीतून विचार करताना आपल्याला 'मेक' पटकन सुचतं कारण शाळेत 'मेक म्हणजे करायला लावणे' असं शिकवलंय. ते बरोबरच आहे, फक्त ते 'लावणे' किती जोरात आहे ते कोणी सांगत नाही. एक बारीक गोष्ट, गेट असेल तर दुसऱ्या क्रियापदाआधी 'टू' येतो, हॅव, मेक आणि लेट असेल तर येत नाही. बास.

अजून एक जागा आहे जिथे आपले भलेभले फसतात. काल खूप खटपट करून विमानात मालासाठी जागा मिळाली, तू लिहितेस 'येस्टरडे आय कुड गेट द स्पेस.' तुझ्या मनात 'मिळवू शकले'. वाचणाऱ्याच्या मनात, मिळाली असती की मिळाली? एखादी गोष्ट त्या दिवशी प्रत्यक्षात जमली असेल तर 'आय मॅनेज्ड टू गेट द स्पेस' किंवा 'आय वॉज एबल टू' म्हण. नाही जमली तर 'कुडन्ट' खुशाल लिही, तिथे काही गोंधळ नाही. आणि मॅनेज्ड टू मला स्वतःला फार आवडतं, कारण बढाई न मारता त्यात सांगून जाता येतं की बाबा, सोपं नव्हतं.

आता काम कुठवर आलं ते सांगायची भाषा. यात गेट भरपूर येतो, पण घाबरू नको, तुला लागतात ते मोजकेच.

'गेट राउंड टू' म्हणजे इतर कामांतून अखेर सवड मिळून एखाद्या गोष्टीला हात लागणं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या वर ओढल्या की वर्षभर राहून गेलेली जाळ्यांची, इंजिनांची कामं निघतात ना, ते झालं 'फायनली गॉट राउंड टू इट'. पण हेच 'आय हॅवन्ट गॉट राउंड टू इट' असं गिऱ्हाईकाला कधी लिहू नकोस, कारण त्याचा अर्थ तुमचं काम माझ्या यादीत खाली होतं, राहूनच गेलं. मैत्रिणीला लिही. पार्टीला 'इट्स नॉट डन येट, यू विल हॅव इट बाय फोर टुडे' असं सरळ.

'गेट थ्रू' म्हणजे ढिगाचा फडशा पाडणं, 'वी गॉट थ्रू फोर हंड्रेड बॉक्सेस टुडे.' फोनच्या बाबतीत हाच गेट थ्रू म्हणजे लागणं, आणि आपल्या खाडीपलीकडच्या वाड्यांचं नेटवर्क बघता 'आय कुडन्ट गेट थ्रू' हे वाक्य तर तू पाठच करून ठेव. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाकणं, ऑडिट, दाढदुखी वगैरे. गिऱ्हाईकाच्या तपासणीबद्दल हे लिहायचं नाही, मनात ठेवायचं.

फॉलो अप आणि फॉलो थ्रू मध्ये पण गल्लत होते, अप म्हणजे पाठपुरावा, दुसऱ्याकडे अडकलेल्या कामाची परत परत विचारणा. थ्रू म्हणजे आपण स्वतः जे बोललो ते तडीस नेणं. शेठ 'कुरियरचं फॉलो थ्रू कर' म्हणत असतील तर त्यांना फॉलो अपच म्हणायचं असणार, पण ते शेठ आहेत, तू दुरुस्त करायला जाऊ नकोस. आणि ब्रिटिश पार्टीने लिहिलं 'कॅन यू चेस द कुरियर' तर ते तगादा लावायला सांगतायत, गाडीमागे धावायला नाही.

आणि आता आपल्या कोकणातला लाडका प्रकार. आमच्या मालवणात 'होतला' म्हणाले की काम कधी होणार ते विचारायचं नसतं, आणि 'बघूया' म्हणाले की ते बहुतेक होणारच नसतं, हे आपल्याला जन्मापासून कळतं. साहेबाकडे पण हे सगळं आहे बरं का, फक्त कोट घालून येतं. 'आय विल लुक इन्टू इट' म्हणजे चौकशी करतो, करीनच असं नाही. 'आय विल सी व्हॉट आय कॅन डू' म्हणजे आशा फार धरू नका. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे उत्तर देतो, आणि पुढे वार-वेळ नसेल तर ते आपलं बघूयाच समज. उलट 'व्हेन यू गेट अ चान्स' वाचून तू सवडीने करायला ठेवशील, पण साहेबाने पाठवलं तर ते बऱ्याचदा आजच हवं असतं, नुसतं नम्रपणे मागितलेलं. आपण उलटं करतो, 'अर्जंट' लिहितो आणि मग दोघंही निवांत. म्हणून तुझ्या मेलमध्ये गेट बॅक टू यू आलं की त्याच्या शेपटीला वार लावायचाच, तुझ्या लंडनवाल्याने नाही का बाय थर्सडे लावलं.

इथेच 'रिव्हर्ट' चं पण सांगून टाकतो. 'प्लीज रिव्हर्ट' आपल्याकडे उत्तर द्या या अर्थाने सर्रास चालतं, तिकडच्या बऱ्याच जणांना रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं एवढंच ठाऊक, तेव्हा 'प्लीज रिप्लाय' लिही. तसंच 'प्रीपोन'. शब्द माझ्या मते झकास आहे, पण परदेशी पार्टीला 'कॅन वी ब्रिंग द डिस्पॅच फॉरवर्ड टू मंडे' असं लिहिलेलं बरं. आणि पुढे ढकलायचं असेल तर 'पुश बॅक'. हो, अलीकडे आणायचं ते फॉरवर्ड आणि पुढे ढकलायचं ते बॅक, हे त्यांचं उलटं आहे, आपण काय करणार.

तुझा कॅरीचा काला. तीनातलं तुला कामाचं एकच, 'कॅरी आउट', म्हणजे ठरलेली गोष्ट ठरल्या पद्धतीने पार पाडणं: तपासणी, चाचणी, ट्रीटमेंट, सूचना. तुमच्याकडे युरोपच्या आंब्याला गरम पाण्याची ट्रीटमेंट करतात ना, ४८ डिग्रीला ६० मिनिटं, तर 'द हॉट वॉटर ट्रीटमेंट वॉज कॅरिड आउट ॲट फॉर्टी एट डिग्रीज फॉर सिक्स्टी मिनिट्स.' इथे 'डन' लिहिलं तरी कळेल, पण कॅरिड आउट म्हटलं की नियमाप्रमाणे, नोंद ठेवून केलंय असा वास येतो. आणि तो वास इथे हवाच. मे २०१४ मध्ये युरोपियन युनियनने आपला आंबा बंद केला होता, मालात फळमाशी सापडली म्हणून, आणि २०१५ मध्ये परत दार उघडलं. तेव्हापासून तिकडचा खरेदीदार या एका वाक्याकडे भिंग लावून बघतो. कॅरी ऑन म्हणजे चालू ठेवणं, ते तुला येतंच. कॅरी ओव्हर अकाउंटवाल्यांना लागतं, सोड.

एक नियम मात्र खरंच शिकून घे, कारण तो मेलमध्ये लगेच दिसतो. 'सॉर्ट आउट द प्रॉब्लेम' चालतं, 'सॉर्ट द प्रॉब्लेम आउट' पण चालतं, पण 'इट' किंवा 'देम' आलं की ते मध्येच बसणार: 'सॉर्ट इट आउट', 'कॅरी इट आउट', 'पुट इट ऑफ', 'कॉल इट ऑफ'. 'सॉर्ट आउट इट' कधीच नाही. आणि काही जोड्या फुटतच नाहीत: 'डील विथ इट', 'लुक इन्टू इट', 'गेट राउंड टू इट', 'सी टू इट'. ओळखायचं कसं? मोठ्याने म्हणून बघ, रोज वापरलेली असली की जिभेला कळतं.

वाक्प्रचारांचा मोह जरा आवर. 'वी विल पुल इट ऑफ' ऐकायला भारी वाटतं, पण पुल ऑफ म्हणजे अवघड, जमेल न जमेल असं काम जमवून आणणं. माल निघायच्या आधी लिहिलंस तर गिऱ्हाईक म्हणणार, म्हणजे जमेल याची यांनाच खात्री नाही की काय! माल पोचल्यावर शेठना लिही, 'वी पुल्ड इट ऑफ', तेव्हा शोभतं. 'कट कॉर्नर्स' म्हणजे वेळ-पैसा वाचवायला कामात चालूपणा करणं, ते वेळ वाचवणे या अर्थाने कोणी कौतुकाने लिहिलेलं मी वाचलंय, 'वी कट कॉर्नर्स टू सर्व्ह यू फास्टर', देव त्यांचं भलं करो. 'टेक केअर ऑफ' पण जपून. 'आय विल टेक केअर ऑफ द पेपर्स' छान आहे, ते काम माझ्यावर सोडा असा अर्थ. पण 'द इन्स्पेक्टर हॅज बीन टेकन केअर ऑफ' लिहिलंस तर एक तर पाकीट दिलं किंवा त्याहून वाईट काहीतरी केलं असं वाटेल. माणसांच्या बाबतीत ते घरच्या पाहुण्यांपुरतं ठेव.

सराव कसा करायचा? रोज संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या आधी वहीत चार-पाच ओळी लिही, आज मी काय केलं, कोणाकडून काय करून घेतलं, काय अडलं, उद्या काय. तुझ्याच आंब्याबद्दल, तुझ्याच शेठबद्दल. 'आय गॉट द इनव्हॉइस साइन्ड. द व्हॅन वॉज हेल्ड अप ॲट परशुराम घाट. आय चेस्ड द ट्रान्सपोर्टर. आय डिडन्ट गेट राउंड टू फाइलिंग.' चुका होऊ देत, ती वही कोणी तपासणार नाहीये. सीझन संपेपर्यंत तुझ्या लक्षात येईल की फिरून फिरून तीच क्रियापदं लागतात. पार्टीचे जुने मेल पण उघड, ते लोक काय शब्द वापरतात ते बघ आणि उचल बिनधास्त. त्याने सॉर्टेड म्हटलं तर तू पण सॉर्टेड म्हण. यासारखा क्लास नाही, आणि फी पण नाही.

राहिलं एआयचं. घे लिहून, शेठ नाही म्हणत नसतील तर माझं पण काही म्हणणं नाही. पण मराठीत सांगताना तू गुळमुळीत सांगितलंस तर तो गुळगुळीत लिहून देणार. 'त्यांना सांग करते म्हणून' इतकंच टाकलंस तर परत 'डू द नीडफुल' च येईल, फक्त जरा उंची कपड्यात. काय, कोण, कधी हे तू द्यायचं. आणि पाठवायच्या आधी क्रियापदं तेवढी वाच, कारण तो आपल्या वतीने वचनं देऊन मोकळा होतो. 'वी विल एन्शुअर डिलिव्हरी बाय फ्रायडे' असं हमखास लिहितो, आणि एन्शुअर म्हणजे पोचणारच, आमची जबाबदारी. मध्ये घाट आहे, पाऊस आहे, विमान आहे, यातलं काय तुझ्या हातात आहे? शेठना विचार, ते हो म्हणाले तरच एन्शुअर ठेव, नाहीतर 'द व्हॅन लीव्ह्ज रत्नागिरी ऑन वेन्सडे नाइट, आय विल मेसेज यू व्हेन इट रीचेस वाशी' एवढं लिही आणि मेसेज मात्र आठवणीने कर.